स्पंज धुवायचा नाही

दाताच्या दवाखान्यात मासे ठेवायचे आणि त्या माशांच्या मधोमध प्लास्टिकची दाढ ठेवायची, ही कल्पना ज्या माणसाच्या डोक्यात येते त्याच्याशी आपलं पटणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. तळाला निळे खडे, कोपऱ्यात झाकण उघडझाप करणारी खजिन्याची पेटी, आणि मधे ही एवढी पांढरीशुभ्र दाढ. तिच्या मुळांमधून मासे ये-जा करतायत.

"थीम आहे," डॉक्टर म्हणाले.

"अहो डॉक्टर, इथे येणारा माणूस आधीच गाल धरून बसलेला असतो. त्याला पाण्यातसुद्धा दाढच दाखवायची?"

दादाने मागून मला कोपर मारलं. दादा माझा थोरला भाऊ. काचेची टाकी आणि तिच्याखालचं लाकडी कपाट तो बनवतो, आतलं सगळं मी लावते. माती, दगड, लाकूड, झाडं, मासे. वीस वर्षं आम्ही दोघं हेच करतोय. मला राग पटकन येतो म्हणून तो मला तोफ म्हणतो. बाहेर पडल्यावर म्हणाला, "तोफे, आधी काम तरी घे, मग डाग की."

पण डॉक्टरांनी दाढेचा हट्ट सोडला आणि मला हवं ते करू दिलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. नंतर जे झालं ते झालं, पण खोटं कशाला बोलू?

वेटिंग रूम लांबट होती. एका भिंतीला आठ खुर्च्या, टोकाला काउंटर, आणि आतल्या दारामागून सतत ड्रिलची घरघर. आम्ही चार फुटी टाकी खुर्च्यांच्या बरोबर समोर बसवली. म्हणजे माणसाने त्या दाराकडे बघण्याऐवजी पाण्याकडे बघावं. दादाने कपाट चारही बाजूंनी लेव्हलमध्ये आणलं, त्यातच त्याची अर्धी सकाळ गेली. मग मी माती भरली. पुढच्या काचेशी दोन बोटं, मागे वीतभर, म्हणजे समोरून बघितलं की चढण लांबवर गेल्यासारखी वाटते. मोठा काळा दगड मधोमध नाही ठेवायचा, थोडा बाजूला. लाकूड आमच्याकडच्या पिंपात तीन आठवडे भिजवून आणलेलं, नाहीतर ते पाण्यात घातलं की तरंगून वर येतं आणि सगळी फजिती होते. फांद्यांवर मी शेवाळ दोऱ्याने बांधलं आणि लांब चिमट्याने एकेक रोपटं मातीत खोचत गेले. खांद्यापर्यंत हात पाण्यात, आणि पाठीमागे आठ खुर्च्यांवर आठ सल्लागार!

"तो दगड जरा डावीकडे घ्या," सुजलेल्या गालाचे एक आजोबा म्हणाले.

"तुमचं दुखतंय ना आजोबा? मग बोलू नका."

पण मग मी दगड डावीकडे घेतला. बरा दिसला. चिडत चिडत घेतला, पण घेतला.

टाकी लागली. डॉक्टर बघायला आले, खूश झाले आणि म्हणाले, "छान! मासे उद्या का परवा?"

"सहा आठवड्यांनी."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी समजावून सांगितलं. नव्या पाण्यात मासे सोडले तर स्वतःच्याच घाणीने मरतात. ती घाण खाऊन टाकणारे जंतू आधी तयार व्हावे लागतात. ते कपाटातल्या फिल्टरमध्ये राहतात, त्यातल्या स्पंजमध्ये आणि मातीच्या छोट्या चकत्यांमध्ये. पाणी पिकायला वेळ लागतो.

"जंतू?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या दवाखान्यात?"

"चांगले जंतू, डॉक्टर."

"असं काही नसतं," ते हसून म्हणाले आणि आत गेले. देखभालीचं विचारलं तर आतूनच उत्तर आलं, "मला वेळ नाही हो, मावशींना सांगा."

मावशी तिथे चौदा वर्षं साफसफाई करत होत्या. फरशी, बेसिनं, हत्यारं बुडवायचे ट्रे, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी माझं बोलणं फडकं हातात धरून ऐकलं होतं. मी फिल्टर उघडून दाखवला, जंतूंचं पुन्हा सांगितलं, आणि म्हटलं, हा स्पंज पुढे तपकिरी होईल, बुळबुळीत होईल, तरी धुवायचा नाही.

"म्हणजे विरजण," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"भांड्यात तळाशी थोडं दही ठेवायचं. लख्ख घासून टाकलं तर पुढचं कशाने लावणार?"

मी बघतच राहिले. वीस वर्षं मी लोकांना हे समजावतेय, तक्ते काढून दाखवतेय, आणि या बाईने फडकं न सोडता एका वाक्यात संपवलं. तेव्हापासून मी सगळ्यांना असंच सांगते.

सहा आठवड्यांनी चाळीस मासे सोडले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. सगळे मिळून एकदम वळायचे. तीन महिने टाकी इतकी सुंदर राहिली की दात ठीक असलेले लोकसुद्धा येऊन बसायचे, असं मावशी सांगायच्या. त्या रोज चिमूटभर खाऊ घालायच्या, काच पुसायच्या, बादलीत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी लागेल तसं वरून घालायच्या. महिन्यातून एकदा मी जाऊन स्पंज टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळायचे. बस.

आणि मग एका सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन. "मॅडम, तुमचे मासे मरतायत. पेशंटसमोर."

तुमचे! तीन महिने पाहुण्यांना दाखवताना ते 'आमचे' होते.

मी रिक्षा केली आणि धावत गेले. आठही खुर्च्या भरलेल्या. आईच्या मांडीवर बसलेली एक मुलगी मोठ्याने मोजत होती, "अकरा... बारा..." मासे पोट वर करून तरंगत होते. जे जिवंत होते ते पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. मला रडूच यायला लागलं, आणि मला रडू यायला लागलं की राग येतो.

कपाट उघडलं. फिल्टरचं झाकण काढलं. आणि तळपायाची आग मस्तकात गेली. स्पंज स्वच्छ! दुकानातून आणल्यासारखा स्वच्छ, वर आक्रसलेला. चकत्या पांढऱ्याफेक. आणि डब्याला जंतुनाशकाचा वास, त्याच हिरव्या पाण्याचा, जे मावशी ट्रेमध्ये ओततात. सहा आठवडे पिकवलेलं, तीन महिने जपलेलं सगळं कुणीतरी चकाचक करून ठेवलं होतं.

"मावशी!"

त्या आतून बादली घेऊन आल्या.

"काय केलंत हे? दहा वेळा सांगितलं होतं ना, धुवायचा नाही म्हणून? एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरत नाही? जीव होते ते, मावशी!"

"मी नाही केलं, ताई."

"मग काय माशांनी धुतला?"

खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा ते वाक्य जमल्यासारखं वाटलं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. मास्क हनुवटीवर ओढलेला. त्यांनी टाकीकडे बघितलं, माझ्या हातातल्या स्पंजाकडे बघितलं, आणि क्षणभर गप्प राहिले. तो क्षण मला नंतर आठवला. मग ते मावशींकडे वळले.

"चौदा वर्षं झाली इथे. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, एवढं तुला कळत नाही? उद्यापासून येऊ नकोस."

तुला! या बाईला तेच डॉक्टर रोज 'मावशी, तुम्ही' म्हणायचे. ते 'तू' ऐकून माझा राग जागच्या जागी गिरकी घेऊन त्यांच्याकडे वळला.

"डॉक्टर, माशांसाठी माणूस काढता?"

"मॅडम, आज टाकी आहे, उद्या माझी हत्यारं असतील. या धंद्यात असं चालत नाही." एवढं बोलून ते आत गेले. ड्रिल सुरू झालं.

मावशी बादलीपाशी उभ्या होत्या. पोछा पिळायचा आणि पुन्हा बुडवायचा, पिळायचा आणि पुन्हा बुडवायचा. "मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे," असं त्या म्हणाल्या, पण कुणाला उद्देशून नाही. त्यांचा नवरा गेलेला. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात, निघताना मी फोन करून बोलावलेला दादा आला. आमच्या दुकानातल्या जुन्या टाकीचं पिकलेलं पाणी चार कॅनमध्ये, आणि एका पिशवीत त्याच टाकीचा स्पंज, मस्तपैकी घाणेरडा. आता बोलत बसायला वेळ नव्हता. मी नळी लावून अर्धं पाणी काढलं, दादाने फिल्टरचा डबा खंगाळला, जुना स्पंज बसवला, आपलं पाणी हळूहळू ओतलं. या गडबडीत अर्धी फरशी ओली झाली. जिवंत मासे खाली जायला लागले. मोजले तर तेवीस होते.

"हे काय गं?" दादाने डब्याच्या तळाला चिकटलेली एक पट्टी नखाने सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर कागदी चिकटपट्टी. तिच्यावर तिरप्या काळ्या रेघा.

मी ती ओळखली. आतल्या खोलीत डॉक्टरांचं वाफेचं मशीन आहे. हत्यारं त्यात घालून निर्जंतुक करतात, आपल्या कुकरचंच मोठं भावंड म्हणा. आत घालायच्या पुडक्याला ही पट्टी लावतात. फिक्या रेघा वाफेने काळ्या पडल्या की समजायचं, आतलं सगळं मेलं. डॉक्टरांनी मला ते मशीन अभिमानाने दाखवलं होतं. आणि तितक्याच अभिमानाने सांगितलं होतं, याला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, किल्ली माझ्याच खिशात असते.

स्पंज वाफवला होता! माझ्या चकत्या पुडकी बांधून वाफवल्या होत्या! असं जगात दुसरं कोण करेल? केटरर करेल? वकील करेल? जे तपकिरी दिसेल ते उकळून काढायची सवय असलेला माणूसच हे करणार.

मी मावशींजवळ गेले. "डॉक्टरांनी केलं ना हे?"

त्यांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळूच सांगितलं. बुधवारी कुठली तरी समिती येणार, दवाखान्याला स्वच्छतेचं प्रमाणपत्र मिळणार. म्हणून शनिवारी डॉक्टरांनी सगळी कपाटं उघडून बघितली. हे पण उघडलं. "ई" म्हणाले. स्वतःच्या हाताने स्पंज काढला, चकत्या काढल्या, डबा हिरव्या पाण्याने धुतला.

"मी म्हटलं त्यांना, ताईंनी धुवायचा नाही सांगितलंय. विरजण असतं त्यात. तर हसले. म्हणाले, मावशी, आता जंतूंचं मला तुम्ही शिकवणार?"

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"बोलले की. मी नाही केलं म्हटलं. तुम्हीच नाही ऐकलंत."

"अहो, पण त्यांनी केलं असं का नाही सांगितलंत?"

"जो पगार देतो त्याच्याकडे बोट दाखवायचं? आणि दाखवलं असतं तर खरं वाटलं असतं कुणाला?"

माझं अर्धं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे होतं आणि अर्धं आतल्या दाराकडे. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. स्वतः चूक करायची, वर दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा, आणि शांतपणे जाऊन कुणाची तरी दाढ कोरायची! मी निघालेच होते, दादाने दंड धरला.

"आत पेशंट आहे. तोंड उघडं टाकून पडलाय बिचारा. त्याचं होऊ दे."

ती सात मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. पेशंट रुमाल तोंडाला लावून बाहेर आला, मागोमाग डॉक्टर पुढचं नाव पुकारायला आले. मी पुढे झाले आणि पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली.

"ही फिल्टरच्या डब्यात मिळाली. मशीनची किल्ली कुणाकडे असते डॉक्टर?"

त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, आत बसून बोलू."

"आत का? मघाशी तर बाहेर बोललात!"

आठ खुर्च्यांवरचे आठही जण आपापलं दुखणं विसरून बघत होते. डॉक्टरांनी घसा साफ केला. "बरं. काहीतरी गैरसमज झाला असेल. राहू द्या. मावशींना म्हणावं, उद्या या नेहमीसारख्या."

म्हणावं! बाई तीन हातांवर उभी आहे, आणि हे मला निरोप देतायत! उपकार केल्यासारखा, खाली वाकून उचलून ठेवल्यासारखा. मी तोंड उघडलं, मनात शब्द रांगेत उभे होते, एकेक असा की डॉक्टर जन्मभर विसरले नसते. पण मावशींनी पोछा भिंतीला टेकवला आणि त्या माझ्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मी शनिवारी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, एवढंच सांगा. ज्यांच्यासमोर मला काढलंत, त्यांच्यासमोर सांगा. मग मी उद्या येईन. नाहीतर नाही यायची."

अहो मावशी, मुलीचं शेवटचं वर्ष! नोकरी परत मिळाली होती, घ्यायची आणि गप्प बसायचं होतं. त्यांच्या जागी मी असते तरी भांडले असते, पण माझं काय जात होतं? मी भांडून रिक्षाने घरी गेले असते. त्यांचं सगळंच त्या एका वाक्यावर होतं, आणि त्या हात खाली सोडून सरळ उभ्या होत्या.

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते काउंटरकडे बघत म्हणाले, "सांगितलं होतं."

"त्या टोकाला ऐकू नाही गेलं," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. "मावशींनी मला सांगितलं होतं. स्पंज मीच धुतला. चूक माझी आहे, मावशी."

काय सांगू, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! ऊर भरून आला. वाटलं, झाला न्याय, आणि तो मी करवला. मी खुर्च्यांकडे वळले. इतका वेळ साठवलेलं सगळं आता कुठेतरी ओतायलाच हवं होतं.

"बघितलंत ना? ही अशी माणसं! काही चौकशी नाही, शहानिशा नाही, गरीब दिसली की चारचौघांत झाडायचं! समोरचं माणूस काय सांगतंय ते ऐकून तरी घ्यावं की नाही? अरे, आधी विचारा ना! माणसाला—"

"आणि तुम्ही, ताई?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. डॉक्टरांकडे बघितलं होतं तसंच.

मी दादाकडे बघितलं. दादा रिकाम्या कॅनचं झाकण लावत होता, आणि एक झाकण लावायला त्याला फारच वेळ लागत होता. मघाशी कोण हसलं होतं ते मी खुर्च्यांवर शोधलं, पण आता कुणीच हसत नव्हतं. मघाशी माझा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असेल. मावशी थांबल्या होत्या. डॉक्टरांसाठी थांबल्या होत्या तेवढ्याच.

"चुकलं माझं, मावशी," मी पुटपुटले. मग आठवलं, आणि त्या टोकाच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं. "चुकलं माझं. तुम्ही नाही म्हणालात, तरी मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर तुमची चेष्टा केली."

"हं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी भिंतीचा पोछा घेतला, बादलीत बुडवला, पिळला. "व्हा बाजूला. केवढं पाणी सांडून ठेवलंय," असं म्हणून त्यांनी माझ्या पायांपासूनच पुसायला सुरुवात केली.